मिठाची कणीक: मुलांबरोबर घरी शोभेच्या वस्तू करताना

कातणी

सहामाही परीक्षा संपली की घरात किल्ल्याची माती, आकाशकंदिलाचे कागद आणि पणत्यांचे रंग येतात. त्यांच्याच जोडीला करण्यासारखं काम म्हणजे मिठाची कणीक, ज्याला सॉल्ट डो म्हणतात. साहित्य ओट्यावरचंच असल्यामुळे ते फार सोपं समजलं जातं आणि मग वस्तू फुगतात, वाकतात, तडकतात, नाहीतर पुढच्या जूनमध्ये हाताला ओल्या लागतात. हे चारही दोष बहुतेक वेळा वाळवण्यात होतात. म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवावं की हे बिस्किटं भाजण्याचं काम नाही, वाळवण आहे. आजीबरोबर पापड-कुरडया घातलेल्या मुलाला अर्धं काम येतच असतं.

प्रमाण: २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, आणि पाऊण वाटी पाणी हाताशी. पाणी लागेल तेवढंच घालायचं. वाटी कुठलीही चालेल, तिन्हीला तीच हवी. २४० मिलीच्या मापाच्या कपाने हे साधारण २५० ग्रॅम मैदा, २८० ग्रॅम मीठ आणि १८० मिली पाणी होतं, त्यातलं प्रत्यक्षात १५० मिलीच्या आसपास लागतं. एवढ्यात ६-७ सेंटिमीटर रुंद आणि अर्धा सेंटिमीटर जाड अशा वीस-पंचवीस वस्तू निघतात.

मैदा आणि मीठ कोरडंच नीट मिसळून घ्या. पाणी चमच्या-चमच्याने. घट्टपणा पोळीच्या कणकेचा नको, पुरीच्या कणकेचा हवा. सुरुवातीला गोळा भुसभुशीत वाटतो आणि मुलं लगेच पाण्याकडे हात नेतात. तिथे थांबायचं आणि अजून चार मिनिटं मळायचं, तो आपोआप एकजीव होतो. एकूण मळणी ८ ते १० मिनिटं. मग लिंबाएवढी गोळी तळहातावर दाबून बघा. कडेला चिरा पडल्या तर एक चमचा पाणी, बोटाला चिकटली तर एक चमचा मैदा. नंतर डब्यात झाकून ३० मिनिटं ठेवा. ही अर्ध्या तासाची विश्रांती गाळली की कापलेलं वर्तुळ बघता बघता लंबगोल होतं, कारण मैद्यातला ताण उतरलेला नसतो.

लाटायचं थेट बटर पेपरवर, पोळपाटावर नाही. आकार कापला की तो उचलायचा नाही, भोवतालचं जास्तीचं पीठ सोलून काढायचं आणि कागदासकट वस्तू वाळायला न्यायची. उचलताना कणीक ताणली जाते आणि तो ताण वाळताना वाकडेपणा होऊन बाहेर येतो. जाडी सगळीकडे सारखी यावी म्हणून आइस्क्रीमच्या तीन-तीन काड्या एकावर एक चिकटवून दोन पट्ट्या करा. त्यांची जाडी साधारण ६ मिमी भरते. दोन पट्ट्यांच्या मध्ये कणीक आणि वरून लाटणं फिरवलं की पाच वर्षांचं मूलसुद्धा सारखं लाटतं.

दोऱ्याचं भोक स्ट्रॉने पाडा, कडेपासून निदान १ सेंटिमीटर आत. वाळताना ते थोडं मिटतं, म्हणून वस्तू अर्धवट वाळल्यावर स्ट्रॉ पुन्हा एकदा फिरवायची.

अवजारं विकत आणायची गरज नाही. शंकरपाळ्याच्या कातणीने नक्षीदार कड येते, किसणीच्या पाठीवर दाबलं की खरबरीत पोत येतो, शेवेच्या सोऱ्यातून केस, आयाळ, गवत निघतं. सोऱ्या पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर काम झाल्याबरोबर धुऊन कोरडा करा. मीठ रात्रभर राहिलं तर धातूवर डाग पडतात, खड्डेही पडतात.

ज्यांनी हे पुष्कळ केलंय त्यांनी भट्टी, रंग आणि वॉर्निश यांवर सविस्तर लिहावं.

प्रयोगवही

प्रमाणाबद्दल एक गोष्ट ठळकपणे लिहायला हवी. २:१ हे वाटीचं माप आहे, वजनाचं नाही. मीठ मैद्यापेक्षा दुपटीहून जड असतं. त्यामुळे वजनात मैदा आणि मीठ जवळजवळ सारखं येतं, मीठ थोडं जास्तच. तराजूवर २०० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम मीठ घेतलं की कणीक रबरासारखी ताणते, भट्टीत फुगते आणि जाड वस्तू आतून बुरसटते. 'प्रमाण बरोबर होतं तरी बिघडलं' अशी तक्रार आली की आधी हे विचारावं.

दुसरं गरम पाण्याचं. 'गरम पाण्यात मीठ पूर्ण विरघळवून घ्या' असा सल्ला सगळीकडे दिसतो. तो शक्यच नाही. १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, आणि पाणी उकळतं असलं तरी हा आकडा ३९ च्या आसपासच राहतो. म्हणजे १५० मिली पाण्यात ५४ ग्रॅम. आपण घालतो २८०. उरलेलं सगळं मीठ कणांच्याच रूपात कणकेत असतं. कोमट पाण्याने हाताला बरं वाटतं आणि पीठ थोडं लवकर मऊ होतं, एवढाच त्याचा उपयोग.

यावरून मीठ कुठलं घ्यायचं तेही ठरतं. कण राहणारच असतील तर ते बारीक हवेत. पिशवीतलं बारीक आयोडीनयुक्त मीठ मिक्सरच्या कोरड्या भांड्यात १०-१५ सेकंद फिरवलं तर पृष्ठभाग पुष्कळ गुळगुळीत येतो. आयोडीनमुळे काही बिघडत नाही. खडे मीठ मात्र दळूनही घेऊ नये. त्यात मॅग्नेशियमचे क्षार जास्त राहिलेले असतात आणि ते हवेतलं पाणी साध्या मिठापेक्षा लवकर ओढतात. खड्या मिठाची बरणी पावसाळ्यात तळाशी पाणी सोडते, तेच तुमच्या तोरणाचं होईल.

मंद_आच

ओटीजीबद्दल, म्हणजे घरातल्या विजेच्या छोट्या भट्टीबद्दल लिहिते.

तापमान १०० अंशांच्या वर नेऊ नका. पाणी १०० ला उकळतं. वस्तूच्या पोटात ओल असताना भट्टी १३०-१५० वर गेली की आत वाफ होते, वरचा थर तोवर कडक झालेला असतो, वाफेला वाट मिळत नाही आणि मध्ये पुरीसारखा फुगा येतो. तो नंतर दाबून बसत नाही.

क्रम असा ठेवा. कापलेल्या वस्तू आधी १२ तास पंख्याखाली जाळीवर. मग भट्टीत पहिला तास ६०-७० अंश, त्यानंतर ९०-१०० अंशांवर २ ते ३ तास, जाडी ५-६ मिमी असेल तर. दर तासाला उलटवायच्या. पहिल्या तासानंतर कागद काढून थेट जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागते. ट्रे मधल्या खाचेत, शक्य असेल तर फक्त खालचा एलिमेंट. वरचा चालू असला की उंच भाग, नाक, फुलाच्या पाकळ्या आधी तांबूस होतात.

लहान ओटीजींची खूण आणि आतलं खरं तापमान यांत २०-३० अंशांचा फरक सहज असतो. भट्टीत ठेवायचा साधा तापमापक घेतला तर हा प्रश्न मिटतो. नाहीतर लाकडी चमचा दारात अडकवून फट ठेवा, तापमान उतरतं आणि वाफ बाहेर जाते. फटीपाशी मुलं येणार नाहीत याकडे लक्ष हवं.

काम झाल्यावर भट्टी बंद करून वस्तू आतच गार होऊ द्या. गरम वस्तू थेट गार फरशीवर आली की केसासारखे बारीक तडे जातात.

मायक्रोवेव्हमध्ये करू नका. तिथे ओल आतून तापते, बाहेरचा रंग बदलायच्या आधी मधला भाग करपतो आणि फुगे हमखास येतात.

आईचा_डबा

प्रमाण आणि भट्टी दोन्ही पटलं. कणकेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मैद्याची पाव वाटी काढून तेवढं कॉर्नफ्लॉर घातलं तर ताण कमी होतो आणि ठसा जास्त स्पष्ट उमटतो. अर्ध्या वाटीपर्यंत ठीक, त्यापुढे वस्तू ठिसूळ होऊन कोपरे तुटतात.

पोळ्यांची गव्हाची कणीक वापरायची असेल तर चालते, फक्त पाणी दोन-तीन चमचे जास्त लागतं आणि कोंड्यामुळे पृष्ठभाग खरबरीत होतो. रंग न देता मातीसारख्या दिसणाऱ्या वस्तू हव्या असतील तर हीच घ्यावी. घोडे, बैल, उतरंड यांना तो तपकिरी रंग फार शोभतो.

तेल घालू नये. एक चमचा तेलाने कणीक हाताला छान लागते, पण नंतर रंग धरत नाही.

ज्यांच्याकडे ओटीजी नाही त्यांनी काय करावं? कढईत मीठ पसरून त्यावर जाळी ठेवून करतात, पण मंद गॅसवरही आतलं तापमान १५० च्या पुढे जातं. माझ्या मते ते टाळावं.

कातणी

तेल आणि कढई, दोन्हीला सहमत.

भट्टी नसेल तर ऊन-वारा पुरेसा आहे, घाई नको एवढंच. पहिला दिवस सावलीत, पंख्याखाली, जाळीवर. कडक उन्हात ओली वस्तू ठेवली की वरचा थर आधी आकसतो, आतला ओला भाग आकसत नाही आणि वरचा फाटतो. पापड एकदम उन्हात टाकल्यावर कडा वर येतात, त्यामागचं कारण हेच. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं ऊन चालेल. दर ६ तासांनी उलटवा. ५-६ मिमीला ३ ते ४ दिवस लागतात, १ सेंटिमीटरला आठवडा धरा. रात्री वस्तू घरात घ्या, ऑक्टोबरच्या शेवटी पहाटे दव पडतं.

कडा वर यायला लागल्या की लगेच, म्हणजे वस्तू अजून चामड्यासारखी लवचीक असताना, उलटवून वरून दुसरी जाळी ठेवा आणि तिच्यावर एखादं हलकं पुस्तक. पूर्ण कडक झाल्यावर दाबली तर मोडते.

वाळलं की नाही हे तीन रीतींनी कळतं. नखाने टकटक केल्यावर खापरीसारखा आवाज येतो, ओल असेल तर बद्द वाजतं. गालाला लावल्यावर गार लागत नाही. सगळ्यात खात्रीचं म्हणजे वजन. वर दिलेल्या प्रमाणात सुमारे २२ टक्के पाणी आहे, म्हणजे ५० ग्रॅमची वस्तू ३९ ग्रॅमच्या आसपास यायला हवी. सकाळ-संध्याकाळ वजन वहीत लिहायचं काम मुलांना द्या. सलग दोन वेळा आकडा हलला नाही की वाळवण संपलं.

तळजाई

पानांचे ठसे हा यातला सगळ्यात सुंदर प्रकार आहे आणि तीन-चार वर्षांच्या मुलालाही जमतो. पानाची मागची बाजू कणकेवर ठेवायची, कारण शिरा तिथे उठावदार असतात. लाटणं एकदाच, दाब न बदलता फिरवायचं. दोनदा फिरवलं की दुहेरी ठसा उमटतो. देठ वर ठेवा, तो धरून पान सोलून काढता येतं. पान ओलं नको, पुसून घ्या.

पिंपळ, आंबा, जास्वंद, पेरू यांचे ठसे उत्तम येतात. पेरूच्या पानाच्या शिरा तर कोरल्यासारख्या दिसतात. गुलमोहराची डहाळी नाजूक असते, तिचा ठसा पातळ कणकेवर घ्यावा. कडुनिंबाच्या करवती कडाही छान उमटतात.

टेकडीवर किंवा सोसायटीच्या बागेत पानं गोळा करायला मुलांना नेताना दोन झाडं आधी ओळखायला शिकवा. कण्हेर सगळी विषारी असते, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. ही दोन्ही पानं घ्यायची नाहीत.

आंब्याच्या पानांचं तोरण करायचं असेल तर खरं पान ठसा म्हणून आणि साचा म्हणूनही वापरा. ठसा घ्यायचा, पान जागेवरच ठेवून कडेने टूथपिकने कापायचं. ११ पानं साधारण ३० ग्रॅमची धरली तर ३३० ग्रॅम ओझं होतं. एका धाग्यावर सगळी ओवू नका, सुतळीला प्रत्येक पान वेगळ्या गाठीने बांधा. नाहीतर ती मध्ये गोळा होतात आणि वाऱ्याने एकमेकांवर आपटून टोकं उडतात.

गेरूचुना

रंगाचे दोन मार्ग आहेत, कणकेतच घालायचा किंवा वाळल्यावर द्यायचा.

कणकेत घालायचा असेल तर खाण्याचा जेल रंग किंवा कोरडी पूड घ्या, पातळ रंगाने पाण्याचं माप बिघडतं. हळदीचा पिवळा सुरुवातीला सुरेख दिसतो पण उजेडात महिन्या-दोन महिन्यांत उडतो. बीटाचा गुलाबी भट्टीत तपकिरी होतो. टिकणारा घरगुती रंग एकच, गेरू. ती माती आहे, ना उन्हाने जाते ना उष्णतेने. वरच्या प्रमाणाला २ चमचे गेरू घातला की कुंभाराच्या मातीसारखा रंग येतो. त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिकने वारली पद्धतीची चित्रं काढा. त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ एवढ्यावर ती उभी राहतात, त्यामुळे मुलांचा हात पटकन बसतो.

वाळल्यावर रंगवताना आधी पृष्ठभाग बघा. बऱ्याचदा वर पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी नसते. ओल बाहेर येताना मीठ बरोबर घेऊन येते आणि वर सोडून जाते. कोरड्या ब्रशने झाडा, उरलेलं घट्ट पिळलेल्या कापडाने एकदाच पुसा आणि पुन्हा अर्धा दिवस वाळू द्या. हिच्यावरच रंग दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. कड खरबरीत असेल तर बारीक पॉलिश पेपर, तोही कोरडाच.

ॲक्रिलिक सगळ्यात बरा. आधी पांढऱ्याचा एक पातळ हात, तो वाळला की वरचे रंग. शाळेतले पोस्टर रंग वापरायचे असतील तर ब्रश जवळजवळ कोरडा ठेवावा लागतो, कारण पाणी जास्त झालं की वरचं मीठ विरघळून रंगात चिखल होतो. साधे जलरंग तर नकोच.

वॉर्निशबद्दल स्पष्ट लिहितो. पांढरा गोंद पाण्यात पातळ करून लावणं हे वॉर्निश नाही. दिवाळीत चकचकीत दिसतं, जुलैमध्ये चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. वर्षभर टिकवायचं असेल तर लाकडाला लावतात ते थिनरचं पारदर्शक वॉर्निश किंवा पॉलियुरेथेन घ्या. तीन पातळ हात, दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ. पुढची बाजू, मागची बाजू, कड आणि दोऱ्याच्या भोकाची आतली भिंत, सगळीकडे. भोक हमखास राहून जातं आणि पावसाळ्यात वस्तू बरोबर तिथूनच मऊ पडायला लागते. हे काम मोठ्यांनी करायचं, बाल्कनीत, मुलं दुसऱ्या खोलीत. खाली पोस्टर रंग असेल तर ब्रश न फिरवता स्प्रे वापरा, नाहीतर रंग पसरण्याची भीती असते.

प्रयोगवही

गेरूचुना यांच्या वॉर्निशच्या मुद्द्यामागचं कारण देतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळायला लागतं. त्याखाली ते कोरडं राहतं. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा अगदी कोरडी असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस ७५ च्या वर. म्हणून मे महिन्यात वॉर्निश न करताही ठणठणीत वाटलेली वस्तू आषाढात घाम फुटल्यासारखी होते. करण्यात काही चुकलेलं नसतं, मिठाचा गुणच तो.

म्हणून हे काम पुण्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा पाऊस परतल्यानंतर ऑक्टोबर ते जानेवारीत करावं. गौरी-गणपतीच्या सजावटीसाठी हवं असेल तर मे महिन्यात करून, वॉर्निश करून ठेवा. ऑगस्टमध्ये नुसत्या हवेवर ते वाळणार नाही, भट्टी लागेल, आणि भट्टीतून गार झाल्यावर त्याच दिवशी वॉर्निशचा पहिला हात द्यावा लागेल.

उलट चूकही होते. पोटात ओल असताना वॉर्निश केलं की ती आत कोंडली जाते. दोन आठवड्यांनी रंगाखाली फोड येतात आणि वस्तू बिस्किटासारखी मऊ होते. वजन स्थिर झाल्याशिवाय डबा उघडायचाच नाही.

पेठेतली

किल्ल्यावरच्या मावळ्यांबद्दल. कुंभारवाड्यातले मातीचे मावळे आणतोच, त्यांच्याबरोबर चार-पाच आपल्या हातचे असले की मुलांना किल्ला जास्त आपला वाटतो. पण सपाट वस्तूचे नियम उभ्या आकृतीला पुरत नाहीत.

उंची ८ सेंटिमीटरच्या आत. नुसत्या कणकेचं धड केलं तर ३ सेंटिमीटर जाड होतं आणि आतून वाळायला पंधरा दिवस घेतं. म्हणून आत फॉइलचा सैलसर चुरगळलेला शंकू ठेवा आणि त्यावर ८ मिमी जाड कणकेचा थर द्या. फॉइल घट्ट दाबून केली तर कणीक आकसताना तिला आत जायला जागा मिळत नाही आणि पाठीवर उभा तडा जातो. सैल असेल तर ती दबते. शंकू तळाशी उघडा ठेवायचा, ओल तिथूनही बाहेर पडते.

हात अंगालगतच ठेवा. बाहेर पसरलेला हात वाळताना खाली येतो, नाहीतर नंतर मोडतो. मुंडासं करायला कणकेची दोरी वळून, पीळ देऊन डोक्यावर गुंडाळा. ढाल वेगळी चकती करून वाळवा आणि शेवटी चिकटवा. ओले भाग जोडताना दोन्ही बाजूंना टूथपिकने आडव्या-उभ्या रेघा मारून पाण्याचं बोट लावा आणि किंचित घोळवत दाबा. नुसतं ठेवलेलं नाक वाळल्यावर गळून पडतं.

भाल्यासाठी खराट्याची काडी. ती ओल्या कणकेत खोचून तशीच वाळवू नका, कणीक आकसते, काडी आकसत नाही, मूठ फुटते. काडीने भोक पाडा, थोडं मोठं करा, काडी काढून घ्या, वाळल्यावर गोंदाने बसवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किल्ल्याची माती ओली असते. अळीव-मोहरी उगवावी म्हणून आपण त्यावर रोज पाणी शिंपडतो. मावळा थेट मातीत उभा केला तर दोन दिवसांत पाय विरघळतात आणि सुटलेल्या मिठाने आजूबाजूचं अळीव करपतं. प्रत्येक आकृतीच्या खाली बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण उपडं चिकटवा आणि झाकण मातीत रुतवा. पाणी घालायच्या आधी मावळे उचलायची सवय मुलांना लावा.

पाळणाघर

मुलांच्या बाजूने काही आकडे.

सोसायटीत दहा मुलांना घेऊन करायचं असेल तर प्रत्येकी १५० ग्रॅम, म्हणजे मोसंब्याएवढा गोळा पुरतो. एकूण मैदा ५५० ग्रॅम, मीठ ६२० ग्रॅम, पाणी ३३० मिलीच्या आसपास. कणीक त्याच दिवशी सकाळी मळा. आदल्या रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवली की मीठ पाणी सोडतं आणि सकाळी गोळा चिकट निघतो. मूठभर मैदा घालून सावरता येतो, पण मग प्रमाण बदलतं.

तीन ते पाच वर्षांची मुलं ठसे आणि साच्याचे आकार करतात. सहा-सात वर्षांपासून लाटणं, भोक पाडणं, जोडणं जमतं. मावळे नऊच्या पुढे. एक बैठक ४० मिनिटांची, रंगकाम दुसऱ्या दिवशी.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात ही कणीक देऊ नये. हिच्यात सुमारे ४० टक्के मीठ आहे. १० ग्रॅमची गोळी गिळली तर ४ ग्रॅम मीठ पोटात जातं. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यावरून लहान मुलासाठी हे किती होतं ते लक्षात येईल. चाटलं तर मूल लगेच थुंकतं, काळजीचं कारण नाही. गिळलं असेल तर स्वतः उलटी काढायला जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

घरात कुत्रा असेल तर जास्त जपा. पिठाच्या वासाने कुत्री वाळलेल्या वस्तूही खातात आणि एवढ्या मिठाने त्यांना उलट्या, थरथर, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. ओली कणीक, ट्रे आणि खाली लटकणारं तोरण, तिन्ही त्याच्या उंचीपासून दूर ठेवा. खाल्ल्याचं कळलं तर थांबून न बघता पशुवैद्याकडे न्या.

सुरुवात करण्यापूर्वी मुलांचे हात बघा. नखाजवळ खरचटलेलं असलं तरी मीठ झोंबतं आणि ते मूल पुन्हा या कामाकडे येत नाही. त्याला पातळ हातमोजे द्या. काम झाल्यावर सगळ्यांच्या हाताला खोबरेल तेल.

फ्रिजला लावायचे चुंबक करत असाल तर मागे रबरासारखी सपाट चुंबकपट्टी लावा. छोटी गोल चुंबकं निसटून मुलांच्या पोटात जातात, आणि एकाहून जास्त गिळली तर आतड्याला इजा करतात.

आईचा_डबा

पणत्या करता येतील का, असं पुष्कळ जण विचारतात, म्हणून इथेच. आकार म्हणून करता येतात, तेल-वात घालून लावायला नाही. वाळलेली कणीक तेल शोषते आणि तोंडाशी मैदा जळायला लागतो. त्यात बॅटरीचा छोटा दिवा ठेवा. दिव्यांच्या अमावास्येला आपण कणकेचे गोड दिवे उकडून खातो. मुलांच्या डोक्यात हे दोन्ही एक होऊ नयेत म्हणून खाण्याचे आणि शोभेचे दिवे एकाच दिवशी करू नयेत.

बाळाच्या हाताचा-पायाचा ठसा घ्यायचा असेल तर जाडी ८ ते १० मिमी ठेवा आणि कणीक किंचित मऊ. पायाचा ठसा सोपा, झोपेत घ्या. हाताचा घेताना बाळ मूठ मिटतं. मनगटाच्या मागच्या बाजूला हलकं चोळलं की बोटं उघडतात, तेवढ्यात तळवा आणि मग एकेक बोट दाबायचं. लगेच ओल्या फडक्याने हात पुसा, तो थेट तोंडात जाणार असतो.

मंद_आच

दुरुस्तीचं राहिलं. बारीक तडा असेल तर वस्तू पूर्ण वाळू द्या, मग त्याच प्रमाणातल्या मैदा-मिठाचा दाट लेप करून टूथपिकने आत भरा, बोटाने सपाट करा, पुन्हा वाळवा. ओलेपणी बुजवलेला तडा त्याच रेषेत परत उघडतो. वस्तूचे दोन तुकडे झाले तर लेपाने धरणार नाहीत, एपॉक्सी लागेल.

वॉर्निश न केलेली वस्तू पावसाळ्यात मऊ झाली तर ६०-७० अंशांवर एक तास, उलटवून आणखी अर्धा तास. पूर्वीसारखी कडक होते. वॉर्निश असलेली भट्टीत घालू नका.

कातणी

ठेवणीबद्दल लिहून माझ्याकडून पुरे करते. वर्षभर ठेवायच्या वस्तू एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून हवाबंद डब्यात, बरोबर सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. थराला थर लागू देऊ नका, वॉर्निश एकमेकांना चिकटतं. डबा पोटमाळ्यावर ठेवणार असाल तर पत्र्याचा घ्या, उंदरांना हा मैदा फार आवडतो.

बिघडलेली किंवा उरलेली कणीक कुंडीत, गांडूळखतात किंवा कंपोस्टच्या टोपलीत टाकायची नाही. मिठाने गांडुळं मरतात आणि माती खराब होते. रंगवलेल्या वस्तू सुक्या कचऱ्यात. हात आणि परात धुताना आधी पीठ कागदाने पुसून घ्या, मगच पाणी. सिंकमध्ये गेलेला गोळा पाइपाच्या वळणात बसतो आणि दगडासारखा होतो.

पेठेतली, फॉइलच्या शंकूऐवजी नारळाच्या शेंड्या गुंडाळून चालतील का? त्यातून हवा जाईल असं वाटतं.

पेठेतली

हवा जाते, पण शेंड्या कणकेतलं पाणी पिऊन फुगतात आणि थर आतून ढकलतात. जुनं वर्तमानपत्र चुरगळून, त्यावर चिकटपट्टी न लावता, हलक्या हाताने शंकू करा. फॉइलच्या जवळपास काम देतं आणि वस्तू वाळल्यावर तळातून चिमट्याने ओढून काढता येतं. कागद काढल्यावर आतूनही एक हात वॉर्निश द्या.